सरकार आमचे व्याही

नामदेवभाऊंचे व्याही म्हणजे सरकार. हे ते थट्टेनं म्हणत नाहीत. रस्त्याचं काम बघायला कुणी साहेब गावात आला, की भाऊ टोपी घालतात, पाय धुवायला पाणी पुढं करतात आणि साहेब बुचकळ्यात पडलेला असतानाच विचारतात, "आमची पोरगी बरी नांदून राह्यली ना?"

पोरगी म्हणजे गोंडपिपरीहून पोंभुर्ण्याकडे जाणारा राज्यमार्ग. इथल्या शाळेवर बदली होऊन मी भाऊंच्या समोरच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी सांगितलं, पोरीच्या अंगावर फार जखमा झाल्या आहेत. मी भाबडेपणानं चंद्रपूरचा दवाखाना सुचवला. भाऊंनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि खड्डे दाखवले.

रस्त्याचा इतिहास ते असा सांगतात, की ऐकणाऱ्यानं बाळंतविडाच घेऊन यावा. त्यांच्या बापाच्या काळी ही जंगलातली बैलबंडीची वाट होती. सागाची लाकडं आणि तेंदूपत्ता तिच्यावरून जायचा, आणि पावसाळ्यात बंडी आसापर्यंत रुतायची. मग मुरूम पडला, तेव्हा "रांगाले लागली". डांबराच्या वेळी गावाच्या वळणावर जागा कमी पडली. बाकीचे कुरकुरत राहिले, भाऊंनी मात्र आपल्या धानाच्या बांधीतली, म्हणजे खाचरातली, जमिनीची पट्टी काढून दिली. तेच त्यांचं कन्यादान. पुढं राज्यमार्ग झाला, किलोमीटरच्या दगडांना हिरवा रंग लागला, आणि भाऊंच्या लेखी पोरीनं हिरवा चुडा भरला.

मग जावई कोण, असं मी एकदा विचारलं. भाऊ जरा विचारात पडले. "बस," ते म्हणाले. "येते, हॉर्न वाजवते, चहाले काई थांबत नाई."

त्यांच्या बायकोला, शेवंताबाईंना, या नात्यागोत्याचा मनस्वी राग. "सडक का कोणाची पोरगी असते? बुढा येडा झाला, गुरुजी, तुम्ही आयकू नका," असं त्या भाऊंच्या तोंडावर सांगत. या दोघांना मूलबाळ नाही हे मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. भाऊंनी तो विषय कधी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

यंदा उन्हाळ्यात दोन माणसं आली आणि नाल्याजवळच्या झाडांवर, बांधांवर लाल रंगाच्या खुणा करून गेली. खुणा वळण सोडून शेतातून सरळ जात होत्या. टपरीवर लगेच निकाल लागला. रस्ता सरळ होणार, गावाचं वळण सुटणार, बस बाहेरच्या बाहेर जाणार.

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. जेवण कमी झालं, बोलणं तर बंदच. त्यांच्या बडबडीला मी कितीदा वैतागलो असेन, पण गप्प बसलेले नामदेवभाऊ मला बघवेनात. शेवटी मीच त्यांना मोटरसायकलवर बसवून गोंडपिपरीला, रस्त्याच्या कचेरीत घेऊन गेलो.

तिथं टेबलामागे एक तरुण इंजिनीयर बाई होत्या. भाऊंनी धुतलेली टोपी सारखी केली, पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, आमच्याकून मानपानात काई कमी झालं असन तर सांगा," ते म्हणाले. "पण नांदवत नसान, तर तिले अशी रानात टाकून नका देऊ. माह्या घरी पाठवा. मी सांभाळतो."

एरवी मी हसलो असतो. त्या वेळी हसू आलं नाही. बाईंना काय बोलणं चाललंय ते कळेना, म्हणून मी पोरीची, वळणाची, बांधीची, लाल खुणांची सगळी हकीकत थोडक्यात सांगितली. त्यांनी नकाशा उलगडला. नाल्यावर उंच पूल व्हायचा होता. तो होईपर्यंत गाड्या शेतातून काढायच्या, त्या कच्च्या वाटेच्या खुणा होत्या त्या. वळण जिथल्या तिथं राहणार होतं. माझा जीव भांड्यात पडला.

बाई आमच्याच भागातल्या निघाल्या. नकाशा गुंडाळून त्या भाऊंना म्हणाल्या, "भाऊ, कोणी टाकून देऊन नाई राह्यलं तिले. पावसात तिचे पाय ओले होतात, म्हणून पूल बांधून राह्यलो."

मग भाऊ बसले. पाणी मागून घेतलं. नारळ फोडायला दगड कुठी आहे, अशी चौकशी केली. आणि परतीच्या वाटेवर पुलाची वास्तुशांत कशी करायची, कोणाकोणाला बोलवायचं, हे घर येईपर्यंत माझ्या कानात सांगत राहिले.

शेवंताबाई दारातच उभ्या होत्या. आता दोघांची खरडपट्टी निघणार, हे मी गृहीत धरलं होतं. पण भाऊ पाय धुवायला मागच्या अंगणात गेले, तशा त्या माझ्या गाडीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"गुरुजी, ठेवून राह्यले ना तिले?"

मी हो म्हणालो. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि येड्या बुढ्याचा चहा थंडा होऊन राह्यला असं ओरडत आत गेल्या.