अप्पांची गार खोली

मन्मथअप्पांच्या घरातल्या एकाही दाराला कडी नाही. पुढच्या दाराला नाही, आतल्या खोल्यांना नाही आणि न्हाणीघरालाही नाही. त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाय धुवायला म्हणून आत शिरले, दार ओढलं आणि कडी चाचपू लागले. कडीच्या जागी नुसती स्क्रूची भोकं. बाहेरून अप्पांचा खणखणीत आवाज आला, "बिनघोर ऱ्हावा बाई, कोणी येत न्हाई! फक्त मधनं मधनं खाकरत जावा!"

आमच्या गल्लीत आता हे सगळ्यांना ठाऊक आहे. अप्पांच्या घरून खाकरण्याचे आवाज आले की पाहुणे आलेत हे ओळखायचं. जावई पहिल्या दिवाळसणाला आले, तेव्हा ते बिचारे आत मोठमोठ्यानं भजन म्हणत होते. पोरगा पुण्यात राहूनही इतका भाविक कसा, याचं अप्पांनी महिनाभर कौतुक केलं.

"अहो, चोर आला म्हणजे?" मी विचारलं होतं.

"चोराला कडी अडिवती व्हय? माणसानं मोकळं ऱ्हावं बाई, मोकळं!"

हे त्यांचं पालुपद. स्वतः ते बारा महिने ओसरीत, उघड्या दारात बाज टाकून झोपतात. थंडीत घोंगडं पांघरतात, पण आत जात नाहीत. दुसरी तऱ्हा म्हणजे भिंतीत खिळा ठोकू द्यायचा नाही. त्यामुळे कॅलेंडर, किल्ल्या, पिशव्या, महादेवाची तसबीर असा सगळा संसार खिडकीच्या गजांना लटकलेला असतो. वारा आला की महादेवासकट सगळं डोलतं.

अप्पांचं लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, भांड्यांचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो, पण अप्पांची सवय गेलेली नाही. कुठलीही वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं वाजवून बघायची आणि कान देऊन ऐकायची. कलिंगड ठीक आहे, पण त्यांनी माझा फ्रीज वाजवला आहे, आमच्या ह्यांचं हेल्मेट वाजवलं आहे, तेही डोक्यात असताना.

यंदा अप्पांची एकुलती एक लेक, पल्लवी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दिवस भरत होते ऐन मे महिन्यात. तेवढ्यात पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचं म्हणणं अगदी गोड होतं: लातूरला उन्हाळ्यात पाण्याचे हाल, त्यात तो उकाडा, इथे कशी एसी खोली आहे, तेव्हा बाळंतपण इथेच करू या का? फोन स्पीकरवर होता. अप्पांच्या बायको, आमच्या काकू, माझ्याकडे बघत होत्या आणि अप्पा जमिनीकडे. "बघतो" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात उभे. कपाळावर विभूती, हातात रिकामी पिशवी.

"बाई, मला गार खोली करायची हाय. लेक इथंच येईल. तुमी शिकल्यासवरल्या, दुकानात संगं चला."

"कूलर घ्या की अप्पा. स्वस्तात होईल."

"कूलर!" अप्पा कळवळले. "कूलर म्हंजे दारात म्हैस बांधल्यावानी. दिसभर पाणी पाजा. हितं नळ आठवड्यानं येतंय. तुमा नांदेडवाल्यांचं काय, विष्णुपुरीचं धरण उशाला घेऊन झोपताव!"

मी मूळची नांदेडची, हे अप्पा मला कधी विसरू देत नाहीत.

दुकानातला पोरगेला विक्रेता हुशार होता. त्यानं आधी स्प्लिट एसी दाखवला. आवाज नाही, वीज कमी, गारवा भरपूर. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "भिंतीला भोक पाडावं लागतंय का?"

"एवढंसं, अप्पा. पाइप जाईपुरतं."

"मग न्हाई."

खिडकीचा एसी? त्यालाही चौकट फोडावी लागणार. म्हणजे तोही गेला. शेवटी कोपऱ्यात चाकांवर उभा असलेला, गुडघ्याच्या वर येणारा, मागे हत्तीच्या सोंडेसारखा पाइप असलेला पोर्टेबल एसी अप्पांना दिसला. त्यांनी तो पुढून, मागून, बाजूनं वाजवला. हलवून वजनाचा अंदाज घेतला. "पत्रा पातळ हाय," असा शेरा मारला. विक्रेता प्रामाणिकपणे सांगत होता, की याला आवाज फार, वीजही जास्त, खोली लहान असेल तरच घ्या.

"आवाज करतंय ते बरं," अप्पा म्हणाले. "चालू हाय ते कळतंय तरी."

आणि ते यंत्र रिक्षात बसून, अप्पांच्या मांडीला मांडी लावून घरी आलं. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

मग आठवडाभर त्या घरात प्रयोगशाळा चालली. सोबत आलेली खिडकीची पट्टी सरकत्या काचेच्या खिडकीसाठी होती, आणि अप्पांची खिडकी लाकडी झडपांची, गजांची. तेव्हा महादेव आणि किल्ल्या तात्पुरत्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गेल्या. गजांमागे प्लायवूडचा तुकडा बसवला, त्यात पाइपापुरतं गोल कापलं आणि फटी थर्माकोल आणि काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बुजवल्या. पाइप आखूड आणि सरळ हवा, वाकडा झाला की गरम हवा आतच घुटमळते, हे अप्पांनी माहितीपत्रकातून माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आल्यागेल्याला ते सांगू लागले, "ऊन तापल्यावर लावून फायदा न्हाई. भिंती तापायच्या आदी लावायचं. आन सव्वीसवर. अठरावर लावनारा माणूस अडाणी." पडदे जाड लावले. जाळी दर रविवारी धुतली जाऊ लागली. पाइपाचं बाहेरचं तोंड अंगणात होतं, तिथे काकूंनी लागलीच कुरडया वाळत घातल्या. ऊन उतरलं तरी काकूंच्या कुरडया वाळतच होत्या, आणि गल्लीतल्या बायका आपापली ताटं घेऊन रांगेत उभ्या.

एका बाबतीत मात्र अप्पांची घोर निराशा झाली. यंत्र हवेतलं पाणी काढतं असं वाचल्यामुळे त्यांनी खाली बादली लावून ठेवली होती. संध्याकाळी बादलीत जेमतेम बूड ओलं.

"फसिवलं की ओ!"

"अप्पा, हवेत असेल तर काढेल ना. लातूरची हवा आहे."

अप्पांनी यंत्राकडे बघितलं. "खरंय. आमालाच न्हाई मिळत, त्याला कुठनं मिळावं."

एवढं सगळं झालं, पण खोली काही गार होईना. कारण उघड होतं, दार सताड उघडं. मी चेष्टेनं म्हटलं, "अप्पा, अख्खी गल्ली गार करायलाव की!" ते हसले, पण दाराला हात लावला नाही. तक्रार केली म्हणून दुकानातून माणूस आला. त्यानं आल्या आल्या दार लोटलं आणि अप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले, की तो बिचारा हातातला स्क्रूड्रायव्हर टाकून बाहेर आला.

मी स्वयंपाकघरात काकूंकडे गेले. काकू शेंगा फोडत होत्या. त्या मान वर न करता बोलल्या.

"ह्यांचं गाव निलंग्याकडं. भुकंप झाला तवा लगीन नव्हतं झालं ह्यांचं. आक्का, ह्यांची थोरली बहीण, माहेरपणाला आलती. आतल्या खोलीत कडी लावून निजली. हे अंगणात होते म्हणून वाचले. चौकट दबली, कडी निघंना, वरनं मातीचं माळवद आलेलं. आक्का आतनं बोलायलीय आन हे बाहेरनं दगडं काढायलेत. लई येळ बोलत होती. मग न्हाई बोलली."

त्यांनी फोडलेल्या शेंगांची टरफलं गोळा केली. "कुनाला सांगत न्हाईत ते. मोकळं ऱ्हावं म्हनतेत."

 त्या माणसाची मी इतकी वर्षं थट्टा करत आले होते आणि तो माझ्याबरोबर हसत आला होता. मला त्यांची फार माया आली.

शेवटी तोड काकूंनीच काढली. बिजागऱ्यांना दोरी बांधून दारात जाडजूड वाकळ टांगली. गारवा निम्मा तरी अडला. पल्लवी आली आणि वाकळीच्या आड सुखानं राहिली. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. अप्पांनी दवाखान्यातला पाळणा वाजवून बघितला आणि "चांगला हाय" म्हणाले.

पण मे महिना आपलं काम करतच होता. दुपारी वाकळीला ऊन जुमानेना. बाळाची पाठ घामोळ्यानं लाल झाली, पोर रात्रंदिवस किरकिर करू लागली. विहीणबाई बघायला आल्या, त्यांनी बाळाची पाठ बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "बारसं झालं की घेऊन जाते. तुम्ही खूप केलंत, पण लेकराचे हाल नकोत." पल्लवीचे डोळे भरले. तिला अजून महिनाभर आईजवळ राहायचं होतं.

विहीणबाई गेल्यावर अप्पा उठले, वाकळ काढली, घडी घातली आणि म्हणाले, "दार लावून घे, पल्लू."

घटकाभरात खोली गार झाली आणि बाळ आल्यापासून पहिल्यांदा सलग झोपलं. अप्पा मात्र दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. अंगातून घामाच्या धारा.

"पल्लू!"

"काय अप्पा?"

"काई न्हाई."

पाच मिनिटांनी पुन्हा "पल्लू!" पल्लवी हसून ओ द्यायची. झोपली असली तर काकू आतून ओ द्यायच्या. ज्या गार खोलीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यात अप्पांनी पाऊल टाकलं नाही. नातीला बघायचं तर ती बाहेर आणली जायची, आणि बाहेर ती रडायची.

परवा दुपारी मी गेले तेव्हा काकू गिरणीत गेल्या होत्या. पल्लवीला आंघोळीला जायचं होतं आणि बाळ नुकतंच डोळे मिटत होतं. मी पुढे झाले तर मला शिंकांवर शिंका. पल्लवी म्हणाली, "मावशी, तुम्हाला सर्दी झालीय. अप्पा, तुम्हीच घ्या तिला. बाहेर आणू नका, आताच जरा पाठ निवलीय."

अप्पा उठले. उंबऱ्याशी थांबले. एवढा उंचापुरा माणूस, बाजारपेठेत आयुष्य काढलेला, पण त्यांनी आधी चौकट पेरानं वाजवून पाहिली. मग लेकीच्या हातून त्यांनी बाळ घेतलं आणि आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. पल्लवी गेली. दार लोटायचं माझ्यावर आलं. मी शक्य तितकं हळू लोटलं.

आतून आवाज आला. "बाई."

"काय अप्पा?"

"बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"काय बी. थांबू नका फक्त."

मी दाराला तोंड लावून बोलत सुटले. भेंडी किती जून निघाली ते सांगितलं. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं सांगितलं. उमरीच्या माझ्या नणंदेनं सुनेशी कसं भांडण केलं तेही सांगून टाकलं, जे कुणाला सांगायचं नव्हतं. आतून दर वाक्याला अप्पांचा होकाराचा "हाव" येत होता. आधी घाईघाईनं, चढा. मग सावकाश. मग इतका हळू, की मला दाराला कान लावावा लागला.

पल्लवी आंघोळ करून आली. ओले केस पुसत तिनं दाराकडे हात नेला, तो मी धरला. आत अप्पा बाळाशी बोलत होते.

"भिऊ नको माय. ही नांदेडची बाई हाय. लई बोलती. बाहेर माणूस हाय, ऐकू यायलंय न्हवं? मग झालं. नीज आता."

माझा घसा बसत आला होता. पल्लवी तशीच ओल्या केसांनी भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी भेंडीवरून दोडक्यावर आले.