आतून काय आहे?

भालेराव पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही. बोटाच्या पेराने दार ठोकलं. आधी वर, मग मध्ये, मग खाली. मी दार उघडलं तर हे गृहस्थ दाराला कान लावायच्या बेतात वाकलेले.

"नमस्कार मॅडम. वरच्या मजल्यावर राहायला आलोय. तुमचं दार पोकळ आहे."

येरवड्यात इतकी वर्षं राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. भालेरावांची उभी हयात सरकारी बांधकाम खात्यात गेलेली. ठेकेदार सागवान म्हणून जे बसवायचे ते खरंच सागवान आहे का, हे ठोकून ओळखायचं. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, ठोकणं सुटलं नाही. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या, डॉक्टरांचं टेबल, बँकेचा काउंटर, काही म्हणून सोडायचे नाहीत. "आतून काय आहे?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. सोसायटीच्या सभेत चेअरमन तावातावाने बोलत असताना त्यांनी जाऊन भाषणाचं टेबल ठोकलं आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "दोन्ही पोकळ."

असा माणूस गिटार घ्यायला निघाला, तेव्हा माझ्या चौकस स्वभावाला घरात बसवेना.

गिटार त्यांच्या मुलीसाठी होती. सुजाता कॉलेजात असताना मैत्रिणीची गिटार मागून आणायची. स्वतःची घ्यायची राहून गेली. मग ती हडपसरला आयटी कंपनीत लागली, कंपनीने तिला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला 'ऑनसाइट' पाठवलं आणि ते सहा महिने काही केल्या संपेनात. ती परत येईल तेव्हा घरात तिची गिटार हवी, असं भालेरावांच्या मनाने घेतलं.

बुधवार पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले. भालेरावांनी खिशातून टॉर्च काढला आणि गिटारच्या भोकाची कड बघू लागले.

"थर दिसतायत. हे प्लाय आहे."

"त्याला आमच्यात लॅमिनेट म्हणतात," दुकानदार म्हणाले. "आणि गिटार आहे ती. वाजवून बघतात. ठोकायचीच असतील तर पलीकडे तबले आहेत."

पण दुकानदार जाणकार होते. लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवलेले. दणकट, पुण्याचा उन्हाळा-पावसाळा काही करत नाही. सॉलिड म्हणजे अख्ख्या लाकडाची फळी. तिचा आवाज वर्षावर्षाने खुलत जातो, पण तिला रोज वाजवावं लागतं आणि कोरड्या हवेत जपावं लागतं, नाहीतर तडकते. वरची फळी सॉलिड आणि बाकी लॅमिनेट, असाही मधला मार्ग होता.

"म्हणजे दर्शनी भिंत दगडाची आणि मागे पत्रा," भालेराव म्हणाले. "अशी बिलं मी कधी पास केली नाहीत."

"वाजवणार कोण?"

"मुलगी."

"असते कुठे?"

"अमेरिकेत."

"मग लॅमिनेटच न्या. भिंतीवर छान दिसेल."

भालेरावांनी टॉर्च बंद केला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. मला वाटलं, विषय संपला. पण पुढे कित्येक रविवार ते तिथे जाऊन रिकाम्या हाताने परतत होते. "मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता यांनी," भालेराववहिनी मला म्हणाल्या. "आणि गिटारपायी दुकानदाराच्या तोंडाला फेस आणलाय."

एका रविवारी मी वर असतानाच सुजाताचा फोन आला. स्पीकर चालू होता. "बाबा, लॅमिनेट घेऊन टाका ना. नो मेंटेनन्स. नाहीतरी पडूनच राहणार ती."

"बरं, बरं," भालेराव म्हणाले. "थंडी आहे का गं तिकडे?"

त्यांनी फोन ठेवला. समोरचं टीपॉयसुद्धा ठोकलं नाही. मग उठून चपला घातल्या आणि संध्याकाळी गिटार घेऊन आले. सॉलिड. हट्टीपणाची कमाल आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आमच्या डोक्यावर झंकार सुरू झाला. एकच, बेसूर, पुन्हा पुन्हा. शेवटी न राहवून मी वर गेले. भालेराव गिटार मांडीवर घेऊन बसले होते. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज घालून ती गिटारच्या पेटीत ठेवली होती. उन्हाळ्यात लाकडाला ओल हवी म्हणून.

"शिकताय की काय?"

"छे! मला बापजन्मी जमायचं नाही. पण सॉलिड लाकूड नुसतं ठेवलं तर मुकं होतं म्हणे. ती येईल तेव्हा हिला कंठ फुटलेला हवा."

"आणि यायला उशीर झाला तर?"

"तर आणखी खुलेल." ते तारांवरून हात फिरवत राहिले. "लॅमिनेट आणली असती तर ती येणार नाही, हे मीच पास केल्यासारखं झालं असतं."

तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडे, माझी पाळी." त्यांनी दोन-चार वेळा तारा छेडल्या आणि गिटार माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांच्या शेजाराची सवय. मी तिच्या पाठीवर पेराने ठोकायला हात उचलला.

भालेरावांनी तो हळूच धरला.

"ठोकू नका, मॅडम," ते म्हणाले. "हिच्या आत काय आहे, ते मला ठाऊक आहे."