किलोमीटर विसरा, मिनिटं बोला

आमच्या शेजारच्या अरविंदरावांना कुठलंही अंतर विचारलं, की ते अजून न आलेल्या गाडीच्या हिशोबाने सांगत. मी लेकीकडे, मेलबर्नच्या एका टोकाला वेरिबीत, नवीनच आले होते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला डँडेनॉन्गच्या भारतीय बाजारात ताजा शेपू मिळतो असं कळलं, म्हणून त्यांना विचारलं, किती लांब? म्हणाले, बारा मिनिटं. मी पिशवी घेऊन निघाले ती अंधार पडता पडता परतले. जाब विचारला, तर शांतपणे म्हणाले, "ताई, मी बुलेट ट्रेनचं सांगितलं. तुम्ही साध्या गाडीने गेलात, त्याला मी काय करू?"

ही बुलेट ट्रेन मेलबर्न आणि सिडनीच्या मधे धावणार होती. निवडणूक आली की ती यायची आणि निवडणूक गेली की जायची. इतकी वेळ पाळणारी गाडी मी दुसरी पाहिली नाही.

अरविंदरावांनी भारतात रूळ टाकण्यात हयात घालवलेली. निवृत्तीनंतर मुग्धाकडे, म्हणजे एकुलत्या एका लेकीकडे, इथे आले. पुढे तिला सिडनीजवळ पॅरामॅटाला बँकेत नोकरी लागली. ती तिकडे एका खोलीत राहू लागली आणि अरविंदराव इथलं भाड्याचं घर धरून बसले. भेटेल त्याला ते एकच सिद्धांत ऐकवत: परमुलखात घर घेणाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत. शहरात परवडत नाही, आणि लांब घ्यावं तर नोकरी, देऊळ, कढीपत्ता, मराठी बोलणारा माणूस सगळंच सुटतं. वेगाची गाडी आली की लांबचं घर आपल्या पायांनी शहराजवळ चालत येतं. "किलोमीटर विसरा, मिनिटं बोला," हे त्यांचं भरतवाक्य. माझी नात त्यांना तोंडावर सांगायची, "काका, देअर इज नो ट्रेन, मेट." ते म्हणायचे, "नो वरीज. लेट आहे."

मी मात्र त्यांना फार हसत नसे. या खात्यात माझंच नाव आधीचं. लग्नानंतर आम्ही गावाबाहेर प्लॉट घेतला, का, तर तिथून रेल्वे जाणार होती. मी तेव्हा इतकी हुशार, की गाडी दिसावी म्हणून स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला पाडून घेतली. पश्चिमेला सुंदर टेकडी होती, तिकडे भिंत. रूळ काही आले नाहीत. पूर्वेला मी आयुष्यभर म्हशींचा गोठा पाहिला.

मग करोना आला. माझं परतीचं विमान रद्द झालं, घराबाहेर पडायला वेळ ठरली आणि सिडनीकडची राज्याची सीमा बंद झाली. मुग्धा तिकडे, हे इकडे. अशात अरविंदरावांनी बातमी दिली की सीमेवरच्या आल्बरी गावात ते घर घेताहेत. बुलेट ट्रेनचं मधलं स्टेशन तिथेच होणार म्हणे. शनिवारी झूमवर लिलाव.

माझी लेक केतकी हादरली. तिने मला समजावलं, की इथे लिलावात हातोडा पडला की माघार नाही. त्यांचा पुण्याचा फ्लॅट विकून आलेलं सगळं त्यात जाईल, तेही न पाहिलेल्या घरात आणि न येणाऱ्या गाडीपायी. "आई, तुझंच ऐकतात ते. थांबव त्यांना."

दुसऱ्याच्या घरात जायची बंदी होती. म्हणून शनिवारी मी आमच्या परसात स्टुलावर चढून कुंपणावरून डोकं काढलं. पलीकडे कुंपणालगतच टेबल मांडून अरविंदराव इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपशेजारी नारळ ठेवून बसले होते. पडद्यावर गुलाबी टायवाला लिलाववाला ओरडत होता. बोली चढत गेली तसे एकेक जण गळाले आणि शेवटी हे आणि एक कुणी बाई उरल्या. अरविंदरावांचा पाय टेबलाखाली शिवणयंत्रावर असल्यासारखा चालला होता.

लिलाववाला घरमालकाशी बोलायला म्हणून थांबला. अरविंदरावांनी माइक बंद केला. मी संधी साधली.

"अरविंदराव, गाडी आलीच नाही तर?"

ते पडद्याकडेच बघत होते. "नाहीच येणार, ताई. रूळ टाकायला काय लागतं ते मला ठाऊक नाही होय?"

माझा स्टुलावर तोल जायचा राहिला.

"टाळेबंदी लागली आणि मुग्धा फोनवर बोलायचीच बंद झाली. एका खोलीत काम, तिथेच जेवण. काय सांगणार बापाला? एका संध्याकाळी मी फोनवर म्हटलं, डोळे मीट आणि बस गाडीत, मीही बसतो. आल्बरीला उतरू. आता रोज बसते. खिडकीतून काय दिसतं ते सांगते. मग दोघं उतरून जेवतो. काल विचारत होती, बाबा, उतरून जायचं कुठे?"

तेवढ्यात लिलाववाला परतला. त्या बाईंनी बोली वाढवली. अरविंदराव ताठ बसून खणखणीत आवाजात बोलले. पडद्यावर काही हललं नाही. लिलाववाला म्हणाला, एकदा.

ते पुन्हा बोलले. मला कुंपणावरून स्पष्ट दिसत होतं, माइकच्या चित्रावर लाल रेघ होती. त्यांना दिसत नव्हती. मला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, की केतकीचं काम फत्ते.

लिलाववाला म्हणाला, दोनदा.

आमचे हे रोज चहाच्या वेळी त्या पूर्वेच्या खिडकीशी बसत आणि गोठ्याकडे बघून म्हणत, आज गाडी लेट दिसते. मी म्हणे, मग आणखी अर्धा कप घ्या. ते गेल्यावर मला कुणीतरी पश्चिमेला खिडकी पाडून देत होतं. मी नको म्हटलं.

"अरविंदराव," मी म्हणाले, "माइक."

त्यांनी बटण दाबलं आणि बोली लावली. पडद्यावरच्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. हातोडा पडला. आमच्या मागच्या दारातून केतकी माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड मी नंतर बघायचं ठरवलं.

अरविंदरावांनी नारळावर हात ठेवला. मग त्यांनी फोन लावला.

"मुग्धा, उतरायला जागा मिळाली. हो, खरंच." मग तिने काहीतरी विचारलं. मला वाटलं, आता हे मिनिटं सांगणार.

"मोटारीने तुला साडेपाच तास लागतील," अरविंदराव म्हणाले. "मला साडेतीन. सीमा उघडली की नीघ. मी आधी पोचतो, चहा टाकून ठेवतो."