येळवस विसरलेला वस्ताद

निळकंठ सर माणसाला नमस्कार करत नसत, उचलत असत. समोरच्याच्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घालायचा, त्याला वीतभर वर घ्यायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि खाली ठेवून वजन सांगायचं. मी कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झालो त्या सकाळी त्यांनी मलाही उचललं. माझा चष्मा पडला. तो हातात देत ते म्हणाले, "लायब्रीवाले, तुमच्यात नुस्ती हाडंच हायत."

एकदा स्नेहसंमेलनात त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना व्यासपीठावर हारासकट उचललं. "ब्याण्णव. साहेब, भात बंद करा." सभागृह हसलं. अध्यक्ष हसले नाहीत.

सर या उन्हाळ्यात गेले. हसण्यासारखं इतकं मागे ठेवून गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हात जड होतो.

ते शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक. पोरं त्यांना वस्ताद म्हणत. तेर गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात त्यांना कुस्तीचा संघ उभा करायचा होता. अडचणी पुष्कळ. पोरं गावच्या तालमीत मातीवर वाढलेली, आणि कॉलेजांच्या स्पर्धा मॅटवर. मॅट घ्यायला संस्था तयार नाही. सरांनी वसतिगृहातल्या टाकाऊ गाद्या जमवल्या, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अंथरल्या आणि वरून ताडपत्री दाभणानं शिवली. कुणी जोरात आपटलं की शिवणीतून कापूस उडायचा आणि दोन्ही पैलवान शिंकत कुस्ती सोडायचे. गणिताचे प्राध्यापक तक्रार करत, की तुमची पोरं वर्गात झोपतात.

"झोपू द्या की सर. जागी राहून तरी कुठं गणित येतंय त्यास्नी?"

फायदेही होते, पण ते दिसायला वेळ लागला. एरवी बारावीनंतर शिक्षण सोडून दिलं असतं अशी पोरं केवळ कुस्तीसाठी प्रवेश घेऊ लागली. वसतिगृहातल्या मारामाऱ्या थांबल्या, कारण संध्याकाळी कुणाच्या अंगात हात उगारायची ताकद उरत नसे. शिवाय, ग्रंथालयात बसून आल्याशिवाय सर कुणालाही शेडमध्ये घेत नसत. चुरगळल्या कानांची ती पोरं टेबलावर डोकं टेकून घोरत. त्यातली काही हळूहळू वाचूही लागली.

माझी पत्नी गेली तेव्हा लोक मला धीर धरा म्हणत होते. सरांनी ग्रंथालयात येऊन मला उचललं. "लई उतरलात. काल जेवला न्हाईत." त्यानंतर कितीतरी दिवस ते आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवत आणि ती संपेपर्यंत उठत नसत. त्यांचीही बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भूम तालुक्यातली जमीन भावांकडं राहिली होती आणि भावांशी बोलणं नव्हतं. हे मला शिपायानं सांगितलं. सर अशा गोष्टी बोलत नसत.

मग अध्यक्षांचा निरोप आला. यंदा कॉलेजांच्या कुस्तीस्पर्धेची ढाल जिंकून आणा, नाहीतर शेडमध्ये दुचाकींचा स्टँड करू. सरांनी जिद्दीनं स्पर्धाच आमच्या कॉलेजात मागून घेतली, म्हणजे पोरांची प्रवासात दमछाक नको. तारीख त्यांनीच सुचवली. परीक्षा नाहीत, रविवार नाही, एवढं बघितलं. आदल्या दिवशी येळवस आहे, हे बघायचं राहिलं.

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या खोपीत पूजा होते, मग पालेभाज्या-डाळींची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे आणि ताकातली आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीत बसवतात. आमच्या भागात हा दिवस विसरायला माणूस फारच एकटा असावा लागतो.

कुस्तीत प्रत्येकाचं वजन ठरलेल्या गटात बसावं लागतं, आणि आमची जवळजवळ सगळी पोरं काठावर होती. सरांनी येळवशीला त्यांना शेडमध्ये अडकवून ठेवलं. मूठभर मुरमुरे, घोटभर पाणी. स्वतःही तेवढंच. दुपारी कॉलेजच्या गेटवर आया येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर जेवणाची डाली, काखेत आंबिलीच्या बिंदग्या, म्हणजे छोट्या घागरी. तामलवाडीची एक बाई सगळ्यांच्या पुढं होती.

"वस्ताद, सोडा माझ्या लेकराला."

"मावशी, उद्या कुस्ती हाय. आज घास न्हाय मिळायचा."

"कुस्ती काय, पुना व्हईल. येळवस रोज येती व्हय?"

"वजन वाढंल त्याचं."

"लेकराचं वजन वाढलं म्हणून कुठली आई रडलीया, सांगा की!"

बाकीच्या बाया हसल्या. सर हलले नाहीत. मग त्या बाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं.

"आन तुमी कुठं जेवला, वस्ताद?"

"मला भूक न्हाय."

"भूक कोन इचारतंय? कुणाच्या रानात जेवला, त्ये इचारलं."

सरांनी गेटच्या कडीवर हात ठेवला. मग त्यांनी कडी काढली.

ताडपत्रीवरच पंगत बसली. बायांनी आधी सरांना वाढलं. मी त्यांना इतकं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. "दमानं, वस्ताद," ती बाई म्हणाली, "आंबील पळून न्हाय चालली." पोरं खो खो हसली. सर मान खाली घालून जेवत राहिले.

सकाळी एकेक पोरगं काट्यावर चढलं आणि बाद होऊन उतरलं. नावं आधीच गेलेली, गट बदलता येईना. आमचा फक्त सर्वांत वजनदार गटातला पैलवान कुस्तीला उतरला, आणि तोही पोट धरून. पंचांनी विचारलं, हे असं कसं झालं? सर म्हणाले, "चूक माझी. तारीख म्या दिलती." बायांचा उल्लेख त्यांनी केला नाही.

शेड गेलं. पोरं लातूरच्या, सोलापूरच्या कॉलेजांत गेली. सरांकडं कॅरमचे बोर्ड उरले. माणसं उचलणं त्यांनी बंद केलं.

पुढच्या येळवशीला मी एक पुस्तक न्यायला कॉलेजात गेलो, तर सर गेटजवळच्या बाकावर बसले होते. दाढी घोटलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. सगळा रस्ता रिकामा.

"चला सर," मी म्हणालो. "माझ्या मेव्हण्याचं रान आहे तेरजवळ. जेवायलाच चला."

"तुमी व्हा म्होरं, लायब्रीवाले." ते रस्त्याकडंच बघत होते. "पोरं इथं न्हाईत, हे समद्या आयांस्नी ठावं असंल असं न्हाय. एखादी आलीच, तर बंद गेट बघून माघारी जाईल बिचारी."

आपलं लेकरू कुठं शिकतं हे कुठल्या आईला ठाऊक नसतं? मी त्यांच्या शेजारी बसलो.

दुपार कलली. वाऱ्यानं गेटचं एक दार लोटलं गेलं. सर उठले, ते पुन्हा सताड उघडलं आणि खाली दगड लावला.