पाचव्या पानावरचे ऑइल

धूर ही यंत्राची नव्हे, वाचनाच्या अभावाची समस्या आहे, असे तळटीपसरांनी धाकट्या बहिणीला फोनवर ठणकावून सांगितले आणि येत्या रविवारी बिनधुराच्या होडीतून तिला जेवायला घेऊन येण्याची घोषणा केली. तळटीप हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेले. निवृत्तीला अकरा वर्षे झाली, विद्यार्थी पांगले, नाव तेवढे सोबतीला राहिले.

बहीण सरोवराच्या पलीकडच्या काठावर राहत असे. रस्त्याने वळसा तीन तासांचा, त्यात दोनदा बस बदलायची आणि तिचे गुडघे दुखरे. पाण्यातून मात्र वीस मिनिटे. पूर्वी दर रविवारी सर तिला होडीने आणत. आठ महिन्यांपूर्वी तिने उतरताना डोळे पुसले, कपड्यांना तेलाचा वास लागतो म्हणाली, आणि त्यानंतर दर रविवारी तिला काही ना काही काम निघू लागले. सरांच्या घरात खुर्च्या दोन. दुसरीवर आता ज्ञानकोशाचे खंड बसत.

होडीला मागे टू-स्ट्रोक मोटर होती. या जातीच्या मोटरीचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते: पन्नास भागांस एक भाग. कमी पडले तर पिस्टन अडकतो. जास्त झाले तर धूर होतो आणि न जळलेले ऑइल पाण्यावर पसरते. सर हे प्रमाण प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीने मोजत. तरीही त्यांची होडी निघाली की मागे निळा पडदा उभा राही, पाण्यावर सप्तरंगी कातडे पसरे, आणि नावाडी म्हणत, "आधी ढग येतो, मग सर दिसतात."

सरांनी स्पार्क प्लग बदलला. कार्बोरेटर साफ करून घेतला. कमी धुराचे महागडे ऑइल मागवले. धूर तसूभरही हटला नाही. ऑइल कुठेतरी जास्त पडतेय, एवढेच मेकॅनिकने सुचवले; त्यावर सरांनी त्याला मोजमापशास्त्राचा इतिहास ऐकवायला घेतला. बिचाऱ्याने पाने-पकडी गोळा केल्या आणि इतिहास मध्ययुगात पोहोचण्याच्या आत तो फाटकाबाहेर पोहोचला.

शेवटी सरांनी प्रयोग केला. दुकानातून आलेले चमचाभर पेट्रोल बशीत घालून उन्हात ठेवले. पेट्रोल उडून गेले आणि बशीत चिकट हिरवट वर्तुळ उरले. म्हणजे धक्क्यावरचा पेट्रोलवाला ऑइल मिसळूनच देत होता, आणि सर घरी येऊन पुन्हा मिसळत होते. अकरा वर्षे! पेट्रोलवाला सगळ्याच होडीवाल्यांना तसे देतो, हे धक्क्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक असावे. सरांना नव्हते, कारण ते काउंटरवर कॅन ठेवत, त्याखाली 'पाच लिटर' अशी चिठ्ठी सरकवत आणि कॅन भरेपर्यंत पुस्तकात डोके घालत. पेट्रोलवाल्याशी बोलण्याजोगे काही त्यांना कधी आढळले नव्हते, आणि एवढ्या विद्वान माणसाला आपण काय सांगणार, म्हणून तोही कधी बोलला नव्हता.

दोन वाक्यांत काम झाले असते. सरांनी पाच पाने लिहिली. पहिल्या पानावर सरोवराची दुर्दशा, दुसऱ्यावर न सांगता मिसळण्यातले नैतिक पाप, तिसऱ्या-चौथ्यावर आधारग्रंथ. आणि पाचव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, मुद्दा: 'सबब यापुढे मी ऑइल घालणार नाही. आपण मात्र पूर्वीप्रमाणेच घालत जावे.' गुरुवारी त्यांनी पत्र दिले, शनिवारी कॅन उचलला. पेट्रोलवाल्याने मान जरा जास्तच खाली घातलेली त्यांना दिसली. पत्राचा परिणाम झाला, असे त्यांनी मानले. तो झालाच होता.

रविवारी सर जुन्या पेट्रोलवर, शेवटचा धूर सोडत, पलीकडे गेले. बहीण होडीत बसली तसा त्यांनी नवा कॅन जोडला आणि दोरी ओढली. काय ती मोटर! मागे पाणी आरशासारखे लख्ख, हवेत एक निळी रेघ नाही. आवाजाच्या वर आवाज चढवून सरांनी वंगणाचा इतिहास सुरू केला. आठव्या मिनिटाला मोटरीचा सूर चढला, बारीक झाला, पत्रा फरशीवरून ओढावा तसा किंचाळला, आणि सगळे थांबले. दोरी जागची हलेना.

बहिणीने मागे वळून पाहिले. "धूर खरंच नाही," ती म्हणाली.

वल्ही घरी राहिली होती. त्यांच्या जागी ग्रंथांची पिशवी होती. सरांनी हातवारे करून काठावरच्यांना खुणावले आणि घर्षणाची मीमांसा आरंभली. बहिणीने हात वर करून त्यांना थांबवले.

"दादा, मी धुरामुळे यायची थांबले नव्हते."

"कपड्यांना वास लागतो म्हणालीस ना?"

"वास धुतला की जातो. धक्क्यापासून तुझ्या दारापर्यंत तू मला वाचून दाखवतोस, आणि दारापासून परत धक्क्यापर्यंत. यांना जाऊन वर्ष झालं. झोप लागते का, एवढं एकदा तरी विचारलंस?"

निद्रेवर त्यांच्यापाशी तीन ग्रंथ होते.

तेवढ्यात पेट्रोलवाला आपली होडी घेऊन आला. मोटरीला हात लावताच त्याचा चेहरा उतरला. "सर, तुमच्या पत्राप्रमाणे मी यात ऑइलचा थेंबही घातला नाही."

"पाचवं पान वाचलं नाहीस?"

"नाही सर. दुसऱ्या पानावरच लाज वाटली."

बहिणीने पत्राची हकिकत त्याच्याकडून काढून घेतली. काउंटरपासून सर कितीसे लांब उभे राहत, हेही विचारले. त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. ती हसली नाही, हे सरांना हसण्यापेक्षा जास्त लागले.

त्याने दोर बांधला. कुठल्या काठाला न्यायचे, असे विचारले.

"जवळच्या," बहीण म्हणाली. जवळचा काठ तिचा होता.

ती उतरली तेव्हा सर होडीतच उभे होते. "झोप लागते का ग?" त्यांनी विचारले.

"पहाटे लागते कधी कधी." ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. "फोन कर. पण नऊनंतर. आणि हातात कागद घेऊन नको."

परतीच्या वाटेवर दोराच्या एका टोकाला पेट्रोलवाला आणि दुसऱ्याला सर. मधले अंतर काउंटरपेक्षा थोडे जास्त. निम्म्यावर आल्यावर पेट्रोलवाल्याने मोटर मंद केली आणि धीर करून विचारले, "सर, यापुढे ऑइल कोणी घालायचं?"

सरांच्या मनात या प्रश्नाचे चार भाग पडले, प्रत्येकाचे उपभाग पडले. "तू घाल," ते म्हणाले.

त्याने मोटर आणखी मंद केली. "एवढंच?"

"एवढंच."

अकरा वर्षांतले त्यांचे हे पहिले संभाषण. दोन्ही बाजूंना अगदी स्पष्ट समजलेले. फक्त ज्यात ऑइल घालायचे, ती मोटर आता भंगारात निघाली होती.