शिंत्रेकाका आणि मुरलेले चिरूट

आमच्या मजल्यावरच्या शिंत्रेकाकांना मी दिवाळीला चकल्या दिल्या होत्या, त्या त्यांनी होळीला खाल्ल्या. मधल्या काळात मी दोनदा चौकशी केली, तर दोन्ही वेळा "मुरू द्या की, वैनी" एवढंच उत्तर. चकली मुरत नसते, मऊ पडते, हे मी समजावायला गेले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आपल्याला स्वयंपाकातलं काही कळत नाही, असं मलाच वाटायला लागलं.

हा माणूस सगळंच मुरवतो. नवा शर्ट आणला की तो दोन वर्षं कपाटात. नवा फोन सहा महिने खोक्यात. रागसुद्धा मुरवूनच बाहेर काढायचे. इमारतीच्या नातूरनं, म्हणजे वॉचमननं, एकदा त्यांचं पार्सल परत पाठवलं. काका तेव्हा काही बोलले नाहीत. वर्षभरानं खाली जाऊन त्याला व्यवस्थित झापलं. तोवर जुना नातूर पेशावरला परत गेला होता. नव्यानं बिचाऱ्यानं सगळं निमूट ऐकलं आणि वर चहा पाजला.

पण हे खूळ त्यांच्या पोटापाण्यातूनच आलेलं होतं. इथे दुबईत, रास अल खोरच्या एका गोदामात थंड, दमट खोली आहे. तिथे क्यूबाचे सिगार वर्षानुवर्षं लाकडी पेट्यांत पडून असतात आणि जितके जुने होतात तितके महाग विकले जातात. एकतीस वर्षं त्या खोलीचा कारभार शिंत्रेकाकांकडे. ते सिगार म्हणत नसत, चिरूट म्हणत. माझा नवरा सुहास पहिल्यांदा किंमत ऐकून हबकला. "एकाचे साडेतीनशे दिरहम? म्हणजे आठ हजार रुपये? धूर करायचे?" काका म्हणाले, "धुराचे न्हाईत ओ. थांबण्याचे."

स्वतः त्यांनी आयुष्यात एक झुरका मारलेला नाही. नाक बिघडतं म्हणे. नाक त्यांना वडिलांकडून मिळालं. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते आणि पोत्याला नुसतं नाक लावून शेत कुठलं ते सांगायचे. काका क्यूबातल्या पिनार देल रिओबद्दल असं बोलत, की ते संकेश्वरच्या जरा पुढे असावं. "कोवळ्या चिरुटाला गोठ्याचा वास असतोय, वैनी. मग तो रुसतोय. वर्ष-दोन वर्षं काय बोलतच न्हाई. पाच वर्षांनी लाकूड येतंय, सुंठ येतीय. आणि दहा वर्षांनी काकवी." हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, घरातलं कुणी झोपलं असावं तसा.

तिकडच्या कारखान्यांत म्हणे चिरूट वळणारे रांगेत बसतात आणि एक माणूस उंच खुर्चीवरून त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवतो. ही चाल काकांना फार आवडे. म्हणून गोदामातल्या त्या खोलीत ते दिवसभर रेडिओ लावून ठेवत. रेडिओ मल्याळममधला, काकांना त्यातलं अक्षर कळत नसे. "चिरुटांना माणसांच्या आवाजाची सवय असती," असं ते म्हणायचे. मी हे ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवलं होतं.

लग्नाचंही त्यांनी हेच केलं. एका रविवारी चहा पिताना स्वतःच सांगितलं. "स्थळ आलं होतं ओ, गडहिंग्लजचं. चांगलं होतं. मी म्हटलं, एक काँट्रॅक्ट होऊ दे. मग म्हटलं, अजून एक."

"मग?"

"मग तिच्याकडनं पत्रिका आली. लग्नाची."

"दुसऱ्याशी केलं तिनं?"

"न्हाई, ती तिच्या लेकीच्या लग्नाची."

सुहास हसला, काका त्याच्याहून जास्त हसले, आणि मग बराच वेळ बशीतली बिस्किटं नीट लावत बसले.

आमच्याकडे आले की दारातच नाक वर करायचे. "हिंग कमी पडलाय." हे ठरलेलं. मी हिंग वाढवत गेले. माझी मुलगी मिहिका एकदा म्हणाली, "मम्मी, अंकल स्मेल्ड माय टिफिन अगेन." बर दुबईतला आमचा अख्खा मजला त्यांना नाकासाठी बोलवायचा. तूप साजूक आहे का, मासळी आजची आहे का, केशर खरं आहे का. काका लगबगीनं जायचे, वास घ्यायचे, डोळे मिटायचे, निकाल द्यायचे आणि चहाला थांबायचे.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी मला कॉरिडॉरमध्ये करपल्याचा वास आला. वास काकांच्या दारातून येत होता. मी बेल वाजवली. काकांनी हसत दार उघडलं. "या या, वैनी. दूध तापत ठेवलंय, चहा टाकतो." त्यांच्या मागे स्वयंपाकघरातून धूर येत होता. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. वळून पाहिलं तर काका दारातच उभे. चोरी सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"काका, वास नाही आला तुम्हाला?"

"न्हाई."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तो ताप आला होता बघा. ताप गेला, आणि नाकबी घेऊन गेला."

दोन वर्षं माझ्या आमटीत हिंग कमी पडत होता. दोन वर्षं शेजारचे तूप हुंगवत होते. गोदामात काम कसं चालतं, विचारलं, तर म्हणाले, बोटांनी. हलकं दाबून पानाचा कस कळतो, बाकीचं सवयीनं.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. तो म्हणाला, येईल किंवा न्हाई येणार." मग पातेल्याकडे बघत बोलले, "कुणाला सांगू नका, वैनी. नाक गेलं म्हणल्यावर गोदामात कोण ठेवील? आणि निपाणीला कोण आहे माझं? भावानं घर कधीच विकलं." पुढे म्हणाले, "हितंबी, नाक नसलं तर मला कोण बोलवणार ओ?"

मला स्वतःची लाज वाटली, कारण ते खरं होतं. आम्ही त्यांना नाकासाठीच बोलवायचो.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनीच सांगितलं. उन्हाळ्यात गोदामाच्या शेजारच्या खोलीला रंग दिला आणि त्याचा वास एका महागड्या पेटीतल्या चिरुटांनी ओढून घेतला. काकांनी ती पेटी तपासून पास केली होती. गिऱ्हाइकानं ती परत पाठवली. मॅनेजर पॅकिंगच्या माणसाला काढायला निघाला. त्या माणसाच्या मागे चार तोंडं खाणारी. काका मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "उसका गलती नहीं, साब. मेरा नाक खलास है." मॅनेजर भला होता. हिशोब पुरता केला, निरोपाला केक आणला. पण व्हिसा रद्द झाला आणि गुरुवारचं तिकीट आलं. काका भाचीकडे कोल्हापूरला राहणार होते. तिला त्यांनी शेवटचं पाहिलं ते ती शाळेत असताना.

त्या आधीच्या रविवारी ते आमच्याकडे आले. सुहास मिहिकाला पोहायला घेऊन गेला होता. काकांच्या हातात जुन्या पंच्यात बांधलेली पेटी होती. गोदामाचा पहिला मालक लेबननचा एक म्हातारा होता. धंदा विकून बैरूतला जाताना त्यानं काकांना ती दिली होती. पंचवीस चिरूट, त्या काळातले सगळ्यात उंची. कायमचा घरी जाशील तेव्हा उघड, म्हणाला होता. त्याला चोवीस वर्षं झाली. काकांनी ओले टॉवेल टांगून, एसी राखून, ती पेटी चोवीस उन्हाळे जपली. दर वर्षी वाटायचं, यंदा जाऊ. मग वाटायचं, आणि एक वर्ष थांबू.

"आता उघडायला पाहिजे," ते म्हणाले. "पण मला काय कळणार? तुम्ही वास घ्या. मला सांगा."

त्यांनी नखानं कागदी सील कापलं. आतला लाकडाचा पातळ पापुद्रा उचलला. काळपट, तुकतुकीत चिरूट ओळीनं झोपलेले. काकांनी पेटी माझ्यापुढे धरली. काय सांगायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं. नाक खाली नेलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "काकवी. सुंठ. ओलं लाकूड."

काका थोडं हसले. "हे माझे शब्द, वैनी. तुमचं नाक काय म्हणतंय?"

मी पुन्हा वास घेतला, या वेळी खरोखर. मग खोटं बोलवेना.

"फार मंद आहे, काका. कपडे काढून नेल्यावर कपाटाला राहतो ना, तेवढाच."

त्यांनी एका चिरुटावर बोट ठेवलं, हलकं दाबलं, काढलं.

"म्हणजे उडून गेला. फार ठेवला मी." मग विचारलं, "कधी गेला असंल? माझं नाक शाबूत होतं तेव्हा होता काय?"

मला काय माहीत असणार? माझे डोळे भरून आले आणि ते लपवायचंही सुचलं नाही.

"काहीच न्हाई काय?" त्यांनी विचारलं.

"आहे. थोडा आहे."

"मग तेवढा सांगा की."

मी सांगायला लागले. वरून लाकडाचा, जुन्या पाटासारखा. त्याच्या खाली काहीतरी गोड, पण गुळाइतकं नाही, वाळलेल्या अंजिरासारखं. कोपऱ्यातल्या दोघांना जरा जास्त. मधल्यांना कोरडा, उन्हात तापलेल्या गवताचा. काका मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. शब्द संपले की मी थांबायचे. मी थांबले की ते पेटी पुन्हा माझ्याकडे सरकवत होते.