थंड पाण्यात दहा मिनिटं

एका जंगलात, मुलांनो, सगळे पळत असत. काही जण पोट भरण्यासाठी पळत आणि बाकीचे दुसऱ्याचं पोट भरू नये म्हणून पळत. हजारो वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपण नुसतंच पळून पाहावं.

हे डोकं शिंगाडे सरांचं होतं. शिंगाडे सर म्हणजे एक थोराड सांबर. वय झालेलं, पण पोटऱ्या अजून टणक. आयुष्यात ते तीन वेळा वाघाच्या तावडीतून सुटले होते. तिन्ही वेळा वाघ झोपेत होता असं काही जण म्हणत, पण सरांचं म्हणणं होतं की आपली पळण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. ती सगळ्यांना शिकवावी म्हणून त्यांनी 'डोंगरवाट धावक मंडळ' काढलं.

रोज पहाटे मंडळ जमायचं. ससे यायचे, भेकरं यायची, एक रानडुक्कर वजन कमी करायला यायचं. एक साळिंदर फक्त गप्पा मारायला यायचं. दोन डोंगर चढून, दोन उतरून मंडळी ओढ्याकाठी बसत आणि कोण किती पळलं हे एकमेकांना सांगत. सांगायला पळण्यापेक्षा जास्त वेळ लागे. मुलांनो, मी स्वतः अशा एका मंडळात आहे, तेव्हा हे ऐकीव नाही.

मंडळ म्हटलं की नियम आले. पहिला नियम, सूर्य सुळक्यावर येईपर्यंत कोणी कोणाला खायचं नाही. दुसरा, चढावर बोलायचं नाही. तिसरा कोणालाच आठवत नसे. आणि चौथा, जो सर रोज म्हणून घेत, तो असा, की वाटेत कोणी पडला तर शर्यत गेली खड्ड्यात, आधी त्याच्यापाशी थांबायचं.

या मंडळात रानोजी नावाचा एक कोळसुंदा होता. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपूट. ही जात दबा धरत नाही, झेप घेत नाही. टोळीने सावजामागे लागते आणि ते थकेपर्यंत पळते. म्हणजे पळणं हा रानोजीच्या घरचा धंदाच होता. तरीही तो हौस म्हणून पहाटे उठून आणखी पळायचा. आचाऱ्याने सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून शेजाऱ्यांकडे पोळ्या लाटाव्यात, तसं हे.

बरं, तो काही वेगवान नव्हता. हे त्याला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत तोच म्हणून टाकायचा.

"मी मागून पहिला येतो," तो सांगायचा. "सवयच आहे. आमच्या टोळीतसुद्धा जेवण गार झाल्यावर पोचणारा मीच."

मंडळात यावर हशा पिकायचा. टोळीत हाच विनोद त्याने एकदा करून पाहिला, तेव्हा कोणी हसलं नाही.

सामान मात्र त्याच्याकडे सगळं होतं. जंगलातून पळत गेलेल्या एका माणसाचं मनगटी घड्याळ त्याला सापडलं होतं. ते पावलं मोजायचं, छातीचे ठोके मोजायचं आणि अधूनमधून 'टिंग' करायचं. बुटांचे दोन जोड होते, कारण पाय चार. बूट नवे असल्यामुळे चालताना करकरत.

"बुटं घालून शिकारीला येनार तुमी?" त्याची बायको भिंगरी विचारायची.

"टाचेला आधार मिळतो."

"सावजाला बी मिळतो. तुमी निघालाय हे त्याला तिकडनंच कळतं."

रानोजी तरी मंडळात का जायचा? कारण सोपं आहे. एका पहाटे शिंगाडे सर त्याला म्हणाले होते, "शाब्बास रानोजी! कालच्यापेक्षा चार पावलं पुढे." सात वर्षं तो टोळीत होता. तिथे त्याला कोणी 'शाब्बास' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तो घरी गेला तो बूट न काढताच झोपला.

उन्हाळा आला. रानोजीच्या घरी पाच पिल्लं झाली होती. आता ती दूध सोडून मांस मागू लागली होती आणि नेमकी तेव्हाच टोळीला दोन दिवस शिकार मिळाली नाही. पहिल्या दिवशी भेकर हाताशी आलं होतं, पण रानोजी मध्येच चालू लागला. घड्याळाने सांगितलं होतं की आज हलका सराव आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात गोळा आला, कारण सकाळीच तो सोळा किलोमीटर पळून आला होता.

टोळीची म्होरकी होती कोंडाआत्या. एक कान फाटलेला, बोलणं कमी. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिने सगळ्यांना गुहेपुढे बसवलं.

"आज गावलं तर गावलं," ती म्हणाली. "न्हाईतर टोळी सांजच्याला नदीपल्याड जानार. हितं आता काय ऱ्हायलं न्हाई."

"आणि पिल्लं?" रानोजीने विचारलं.

आत्या दुसरीकडे बघू लागली. "पिल्लांना नदी हुनार न्हाई," ती म्हणाली.

आत गुहेत पाचही पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून निजली होती. त्यांची पोटं पाठीला लागली होती.

आता तुम्ही म्हणाल, त्या पहाटे तरी तो मंडळात गेला नसेल. मुलांनो, तुम्हाला अजून नाद लागायचे आहेत. तो गेला. "थोडंच पळतो," असं भिंगरीला सांगून गेला. सरांनी जाहीर केलं की रविवारी मोठी शर्यत आहे, सगळ्यांनी पाय जपा. रानोजीने मान डोलावली.

ऊन चढलं तशी शिकार सुरू झाली. आत्याने रानोजीला पाठलागात घेतलंच नाही. वरच्या खिंडीत नेऊन उभं केलं. "सावज हितनंच येनार," ती म्हणाली. "तुला पळायचं बी न्हाई. फकस्त आडवं व्हायचं."

रानोजी खिंडीत उभा राहिला. हे आपल्याला जमेल असं त्याला मनापासून वाटलं. थोड्या वेळाने खालून टोळीच्या शिट्ट्या ऐकू आल्या; कोळसुंदे एकमेकांना शिट्टीनेच साद घालतात. मग दगड घसरल्याचा आवाज आला. मग सावज आलं.

मान ताठ, श्वास नाकाने, पावलं छोटी आणि भरभर. इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने पळणारं जनावर जंगलात एकच होतं.

शिंगाडे सरांनी समोर रानोजीला पाहिलं. बिचकून त्यांनी वाट बदलली, पुढचा उजवा खूर दोन दगडांच्या फटीत गेला आणि सर गुडघ्यावर आले. उठले तेव्हा लंगडत होते.

रानोजीने आधी आकाशाकडे पाहिलं. सूर्य सुळक्यावर येऊन बराच वेळ झाला होता. पहिला नियम संपला होता. लहानपणी आईने त्याला शिकवलं होतं, "लंगडताना दिसला की त्यो आपला." त्याच्या डोक्यात आता आई आणि सर एकदमच बोलायला लागले. सरांचा आवाज मोठा होता, शिवाय ते समोरच उभे होते.

"बघतोस काय?" सर म्हणाले. "नियम चौथा!"

"वाटेत कोणी पडला तर शर्यत गेली खड्ड्यात, सर!"

"मग घड्याळ थांबव आणि खांदा दे."

आणि रानोजीने घड्याळ थांबवलं, मुलांनो. मी त्याला हसणार नाही. मीसुद्धा घरचे कुलपाबाहेर ताटकळत असताना, किल्ली काढायच्या आधी घड्याळ थांबवणारा माणूस आहे. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि तरी पाय सरांच्या पायाशी पाय जुळवून चालू लागले होते. टोळी दमून खिंडीत पोचली, तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. धुळीत दोघांची पावलं उमटली होती, शेजारी शेजारी.

खिंडीखाली एक डोह होता. उन्हाळ्यातही त्यात गळाभर पाणी असायचं. "मुरगळलेल्या पायाला थंड पाणी," सर म्हणाले. "दहा मिनिटं. कमी नाही, जास्तही नाही. जास्त झालं की स्नायू आखडतो आणि रविवार हातचा जातो. लाव घड्याळ." सर डोहाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या मानेला लागलं. रानोजी काठावर बसला.

चौथ्या मिनिटाला टोळी आली.

कोंडाआत्याने डोहाकडे पाहिलं, मग रानोजीकडे पाहिलं.

"आत्या," रानोजी घाईघाईने म्हणाला, "सरांचा पाय मुरगळलाय."

"म्हनून तर आलोय," आत्या म्हणाली.

एका तरण्या कोळसुंद्याने पाण्यात उडी घेतली. सरांनी मान फिरवली आणि शिंगांच्या एका फटक्यात त्याला काठावर परत पाठवलं. गळाभर पाण्यात उभ्या असलेल्या सांबराला कोळसुंदे काही करू शकत नाहीत. त्यांना पोहावं लागतं आणि तो मात्र जमिनीवर उभा असतो. हे टोळीला ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक होतं.

"ह्यो दोन दीस हिथंच हुबा ऱ्हाईल," आत्या म्हणाली. "चला. ऊन हाय तवर नदी गाठू."

टोळी उठली. भिंगरी उठली नाही.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी पिल्लांपाशी जाते. भूक लागल्यावर ती एकलीच नकोत." ती रानोजीला काही बोलली नाही. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. इतकी लाज त्याला शर्यतीत शेवटचा आल्यावर कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात डोहातून आवाज आला.

"रानोजी, किती झाली?"

रानोजीने घड्याळ पाहिलं. सहा झाली होती.

"सर," तो म्हणाला, "टोळी अजून गेलेली नाही."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत. मी वेळ विचारतोय. पोटरी आत्ताच जड वाटायला लागलीय. आखडली तर रविवारचं काय करू? जंगलात बाकी कोणावर नाही, पण मंडळाच्या सदस्यावर माझा विश्वास आहे. घड्याळ बघून खरं सांग, किती झाली?"

जंगलात एवढ्या विश्वासाने रानोजीला कोणी काही विचारलं नव्हतं. खरं सांगायला त्याला एकच शब्द लागणार होता. सर पाण्यात राहिले असते, टोळी नदीकडे गेली असती, रानोजीचा मान राहिला असता. त्याने तोंड उघडलं. भिंगरी गुहेच्या वाटेला लागली होती आणि हळूहळू चालत होती, कारण घरी जाऊन सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

"दहा झाली, सर," रानोजी म्हणाला.

"टिंग वाजलं नाही ते?"

"आवाज बंद ठेवलाय, सर. शिकारीला आलो होतो ना."

"पहिल्यांदाच डोकं वापरलंस," सर म्हणाले. "शाब्बास."

मग शिंगाडे सर पाण्याबाहेर यायला निघाले. समोर अकरा कोळसुंदे उभे आहेत, हे त्यांना दिसत होतं. पण दहा मिनिटं झाली होती. "नीट बघ," काठाशी येताना ते म्हणाले, "चढताना चांगला पाय आधी टाकायचा. दुखरा मागून."

रानोजीने डोळे मिटले. पुढचं मी सांगत नाही. तुम्हाला अजून जेवायचं आहे.

त्या दुपारी पिल्लं पोट फुटेस्तोवर जेवली आणि तिथेच झोपली. रानोजीने पहिला घास घेतला नाही. दुसऱ्या घासाला भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा घेतला. तो रडत होता, आणि चावतही होता. कोंडाआत्या त्याच्याजवळ येऊन थोडा वेळ उभी राहिली. "बेस झालं," ती म्हणाली आणि निघून गेली. सात वर्षांत पहिल्यांदा. पण त्याला ते हवं होतं तसं गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाने सरांच्या आठवणीत दोन डोंगर संथपणे पळायचं ठरवलं. पळून झाल्यावर सगळे ओढ्याकाठी बसले. साळिंदराने विचारलं, "शेवटपर्यंत सरांबरोबर कोण होतं?"

"मी होतो," रानोजी म्हणाला. हे खरंच होतं.

"त्यांना मध्येच सोडून नाही गेलास?"

"नाही. खांदा दिला. पाण्यापर्यंत नेलं."

सशांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथा नियम इतका पाळणारा दुसरा कोणी जंगलात नव्हता. मंडळाने तिथल्या तिथे रानोजीला नवे सर केलं. सरांचे अखेरचे शब्द कोणते होते, असंही विचारलं. रानोजीला खोटं बोलवेना. आता ओढ्याकाठच्या शिळेवर मंडळाचं ब्रीदवाक्य कोरलेलं आहे, 'चांगला पाय आधी'. रोज पहाटे ससे ते मोठ्याने म्हणतात. रानोजी सर तेव्हा ओढ्याकडे तोंड करून बुटाचे बंद बांधत असतात. बंद चार असल्यामुळे बराच वेळ लागतो.

तात्पर्य : वाटेत कोणी पडला, तर दुष्टासारखं पुढे निघून जाऊ नये. थांबावं, खांदा द्यावा, पाण्यापर्यंत पोचवावं. म्हणजे भूक लागल्यावर तो नेमका कुठे सापडेल, हे आपल्याला ठाऊक राहतं.

परवा उतारावर माझाही गुडघा मुरगळला, मुलांनो. मंडळातले चौघे लगेच थांबले. फार प्रेमळ माणसं. कुठे राहता, घरी सोडतो, म्हणून मागेच लागले. मी त्यांना चुकीचा पत्ता दिला आणि एका पायावर उड्या मारत घरी आलो. आजवरची ती माझी सर्वोत्तम वेळ आहे.